कोरडी शिदोरी

घाटघर आणि पाथर्डी एकाच जिल्ह्यात आहेत, हे भर जुलैत कुणाला सांगितलं तर पटणार नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर बसलेल्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पाथर्डीकडे त्याचा दहावा हिस्सा पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. नगर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण ही दोन टोकं आहेत तिथंच आहेत. एकीकडे घरात टांगलेला टॉवेल चार दिवस वाळत नाही. दुसरीकडे मे महिन्यात गच्चीवर टाकलेली कुरडई दुपारपर्यंत कडकडीत होते.

शिदोरी मात्र दोन्हीकडे लागते. डांगाणातल्या, म्हणजे घाटघरकडच्या डोंगरपट्ट्यातल्या, वाड्यांना पावसाळ्याचे महिने घरात भरून ठेवलेल्या नागली-वरईवर काढायचे असतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि सहा महिने कोपीत राहतात. त्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिसरी मंडळी आली: शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघून पहाटे बारी, रतनवाडी किंवा पाचनईत उतरणारे डोंगरवेडे. त्यांच्या पाठपिशव्या उघडल्या तर बहुतेकांत दोन मिनिटांच्या शेवया, बिस्किटं आणि दुकानातली 'रेडी टू ईट' पाकिटं निघतात. हल्ली तशीच पाकिटं घरी करून ठेवायचीही टूम निघाली आहे. वर्षभर टिकणारी डाळ-भाताची पिशवी घरच्या घरी करता येईल का, असा तो प्रश्न असतो. माझं उत्तर असं की पिशवी तशी करू नका, पदार्थ वेगळा करा. घरच्या स्वयंपाकघरात अन्न टिकवायचा भरवशाचा उपाय एकच आहे, तो म्हणजे त्यातलं पाणी काढणं. ओलं अन्न हवाबंद करून टिकवणं हे कारखान्याचं काम आहे. असं का, ते समजून घेण्यासाठी जंतूंच्या बाजूने विचार करावा लागतो.

जंतूला, बुरशीला आणि यीस्टला जगायला पाणी लागतं आणि तेही मोकळं. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती त्यांच्या हाती लागतं, हे महत्त्वाचं. अन्नशास्त्रात हे मोजायला शून्य ते एक अशी पट्टी आहे, तिला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाणी एकवर. ताजा भात, शिजलेली डाळ, रस्साभाजी हे सगळं ०.९५च्या वर, म्हणजे जंतूंना मोकळं रान. ०.८५च्या खाली आलं की माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जीवाणू वाढू शकत नाहीत. ०.६च्या खाली बुरशीही थांबते. चांगलं भाजलेलं पीठ, कडक भाकरी, खडखडीत वाळलेले सांडगे या शेवटच्या गटात बसतात. मीठ आणि साखर पाणी काढून टाकत नाहीत, पण ते बांधून ठेवतात. म्हणून मुरांबा ओला दिसत असूनही टिकतो. आंबटपणा हा वेगळा पहारेकरी आहे. कैरीच्या लोणच्यात मीठ, आंबटपणा आणि तेल असे तिघे एकदम उभे असतात, म्हणून ते वर्ष काढतं.

आपल्या वाळवणात हे सगळं न सांगता बसवलेलं आहे. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात. तो आंबूस होतो, मग चीक काढून शिजवतात. शिजवलेला ओला पदार्थ उन्हात टाकायचा म्हणजे पहिले काही तास जंतूंना मेजवानीच. पण चीक आंबट असतो, मीठ असतं आणि सोऱ्यातून पडणारी तार इतकी बारीक असते की तिच्यातलं पाणी भराभर उडतं. साधा शिजवलेला भात तितक्याच निर्धास्तपणे उन्हात टाकता येत नाही. त्यात आंबटपणा नाही आणि गोळा जाड असतो. हा फरक पुढे खिचडी वाळवताना कामाला येईल.

सुरुवात भाजलेल्या पिठापासून करावी, कारण यात चुकायला फार जागा नाही. सातूचं पीठ घराघरांत वेगवेगळं होतं. साधं प्रमाण दोन भाग गहू आणि एक भाग डाळं. गव्हाला पाण्याचा हात लावून काही तास ठेवायचं, वाळवायचं, मंद आचेवर खमंग भाजायचं आणि डाळं, थोडं जिरं, सुंठ, वेलची घालून दळायचं. साठ ग्रॅम पीठ आणि तीस ग्रॅम गूळपावडर एका पुडीत घातली की सव्वातीनशे कॅलरींच्या आसपास ऐवज झाला. गडाच्या पायथ्याला गार पाण्यात कालवा आणि खा. चूल नको, स्टोव्ह नको, भांडंसुद्धा नको, पुडीतच कालवता येतं. मेतकुटाचंही तसंच. नगरकडचा खरा ठेवा मात्र हुलगा. भाजलेल्या हुलग्याच्या पिठात लसणाची कोरडी पूड, तिखट, जिरं, मीठ मिसळून ठेवलं तर कढत पाण्यात पाच मिनिटांत माडगं होतं. हरिश्चंद्रगडावर पावसात भिजून आलेल्या माणसाला पाकिटातलं टोमॅटो सूप द्या आणि हुलग्याचं माडगं द्या. दुसऱ्यांदा काय मागेल, ते सांगायला नको.

बाजरीबद्दल एक सावधगिरी. नगरच्या कोणत्याही गृहिणीला माहीत असतं की बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं, म्हणून ती दळण थोडंथोडं आणते. बाजरीत पाच टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि ते फोडणारं एन्झाइमही असतं. दाणा अखंड असतो तोवर दोघं वेगळी राहतात. जात्यातून किंवा चक्कीतून गेलं की एकत्र येतात आणि पीठ बिघडायला लागतं. उष्णतेनं हे एन्झाइम निकामी होतं. म्हणून शिदोरीसाठी बाजरी आधी दाण्यातच भाजावी, मग दळावी. कच्चं पीठ नेऊन गडावर भाकरी थापण्याची हौस असेल तर पीठ निघायच्या आदल्या दिवशी दळून आणा.

भाकरीचा प्रवासही पाणी कमी करण्याचाच आहे. पाण्यात मळलेली साधी ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी वातड होते आणि पावसाळी हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. दुधात मळलेली, पातळ लाटून नीट भाजलेली दशमी दोन-तीन दिवस खाण्याजोगी राहते. गुळाची असेल तर आणखी बरी. धपाटे दोन दिवस. आणि या सगळ्याच्या टोकाला आहे शेजारच्या सोलापूरची कडक भाकरी. कागदासारखी पातळ ज्वारीची भाकरी पूर्ण वाळेपर्यंत भाजतात, मग ती महिनोन् महिने टिकते. तिथल्या बचत गटांनी तिचा मोठा धंदा उभा केला आहे. घरी करायची तर नेहमीच्या भाकरीच्या निम्म्या जाडीची थापा, तव्यावर दोन्हीकडून भाजा आणि मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत पाणी संपेपर्यंत ठेवा. मोडल्यावर पापडासारखा आवाज यायला हवा. मध्ये जरा जरी वाकली, तरी ती टिकाऊ नाही, त्याच दिवशी खाऊन टाका.

ऊसतोडणी कामगारांच्या बायका पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापतात, मग फडात जातात. दुपारी फडातच भाकरी, चटणी, कांदा. ज्या जिल्ह्यात १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच जिल्ह्यातली ही माणसं. त्यांच्या जेवणाला कुणी 'फील्ड रेशन' म्हणत नाही, पण ते तेच आहे. त्यातली चटणी शेंगदाण्याची, कारळ्याची किंवा जवसाची, कोरडी. शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे वजनाच्या मानानं याहून जास्त ताकद देणारं स्वस्त अन्न शोधूनही सापडणार नाही. त्याचा शत्रू पाणी नसून हवा आणि उजेड आहे, कारण तेल खवट होतं. बरणी गच्च भरा, अंधारात ठेवा आणि महिन्याभरात संपवा. तिळाच्या तेलात खवटपणा रोखणारी नैसर्गिक द्रव्यं असतात, त्यामुळे तिळाची चटणी थोडी जास्त तग धरते.

ठेच्याचं वेगळं. हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ तव्यावर परतून खरडलेला ठेचा दोन दिवस न्यायला हरकत नाही. पण तो जास्त टिकावा म्हणून त्यावर भरपूर तेल ओतून बाटली बंद करून बाहेर ठेवायची, हे करू नका. ओल्या लसणाला तेलाखाली हवा मिळत नाही, आणि जमिनीतून आलेला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू नेमका बिनहवेच्या जागीच वाढतो. तो जे विष तयार करतो ते ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल मानलं जातं, आणि अन्नाच्या वासातून किंवा चवीतून ते कळेलच असं नाही. लसणाची चटणी न्यायची तर वाळलेल्या लसणाची, सुक्या खोबऱ्याची न्या.

हाच जीवाणू घरगुती पाकिटांच्या आड येतो. त्याचे बीजाणू शंभर अंशांवर तासभर उकळलं तरी मरत नाहीत. त्यांना मारायला १२१ अंश तापमान लागतं, आणि तेही पदार्थाच्या अगदी मध्यापर्यंत, ठरावीक वेळ पोचावं लागतं. फ्रान्समध्ये निकोला आपेर यानं बाटल्यांत अन्न भरून, बूच लावून, उकळून टिकवण्याची रीत शोधली आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं. पण अन्न का टिकतं हे त्यालाही माहीत नव्हतं. ते लुई पाश्चरच्या काळात कळलं. आज कारखान्यात पॉलिस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिप्रॉपिलीन अशा थरांच्या पिशवीत डाळ-भात भरतात, पिशवी सील करतात आणि मग मोठ्या दाबपात्रात तापवतात. आत उकळणाऱ्या पदार्थानं पिशवी फुटू नये म्हणून बाहेरून हवेचा दाब दिला जातो. प्रत्येक पदार्थाची वेळ वेगळी, ती मोजून ठरवलेली असते. भारतात हे तंत्र लष्करासाठी मैसूरच्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीनं घडवलं; ही संस्था १९६१ची. नगर शहराला लागून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटरही आहे, त्यामुळे लष्करी जेवणाच्या पाकिटांचं इथं कुणाला अप्रूप नाही. पण त्या पाकिटात जो दिसत नाही तो भाग दाबपात्राचा आहे. बाजारात मिळणारं व्हॅक्यूम सीलर फक्त हवा काढतं, जंतू मारत नाही. उलट ओल्या अन्नातली हवा काढून ते बोट्युलिनमला हवी तशी खोली सजवून देतं. घरच्या कुकरमध्ये वाफेचं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं हे खरं, पण जाड डाळीच्या गोळ्याच्या मध्यभागी ते कधी पोचलं हे शिट्टीवरून कळत नाही. व्हॅक्यूमचं यंत्र घेतलंच असेल तर त्यात कोरडे पदार्थ भरा, त्यासाठी ते फार चांगलं आहे.

आता खिचडी, कारण गडावर रात्री गरम काहीतरी हवंच असतं. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, मीठ, साडेचार वाट्या पाणी. तेल-तूप अजिबात नको; तेल असलेलं वाळवण आतून कोरडं होत नाही आणि लवकर खवट होतं. कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा. गरम असतानाच ताटांत पातळ पसरा, चार मिलिमीटरपेक्षा जाड नको. ओव्हन असेल तर साठ-पासष्ट अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून सहा ते आठ तास. मे महिन्यातलं पाथर्डीचं ऊन असेल तर सकाळी आठलाच वर मलमल बांधून ठेवा, दोन तासांनी उलटा, गोळे हातानं फोडा. संध्याकाळपर्यंत दाणे काचेसारखे कडक झाले पाहिजेत, नखानं दाबले तर खूण उमटता कामा नये. झाले नाहीत तर रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी वाळवायचे नाहीत. कोमट भातात बॅसिलस सेरियस नावाचा जीवाणू वाढतो आणि त्याचं विष नंतर पुन्हा गरम केल्यानं जात नाही. पावसाळ्यात अकोल्यात हा उद्योग उन्हावर करूच नये, ओव्हन नसेल तर विसरून जावं.

वाळलेली खिचडी मूळ तांदूळ-डाळीच्या वजनाइतकीच भरते. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पुड्या करा, त्यात जिरेपूड, हिंग, तिखट, उन्हात वाळवलेला कढीपत्ता. तूप वेगळ्या छोट्या बाटलीत. कढवलेल्या तुपात पाणी उरलेलं नसतं, म्हणून ते उन्हाळ्यातही टिकतं. गडावर दुप्पट कढत पाणी ओतून झाकण ठेवायचं, भांडं टॉवेलात गुंडाळायचं. इथं उंचीचा हिशेब येतो. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिथं पाणी साधारण पंच्याण्णव अंशांनाच उकळतं. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, फरक थोडाच. कच्ची तूरडाळ घेऊन गेलेल्यांची तिथं होणारी फजिती यामुळेच. आधी शिजवून वाळवलेल्या अन्नाला फक्त पाणी प्यायचं असतं, शिजायचं नसतं. तरी वीस मिनिटं द्या. मुक्कामाला पोचण्याआधी अर्धा तास पुडी पिण्याच्या गार पाण्यात भिजत घातली तर इंधनही वाचतं, आणि ते वाचायलाच हवं. हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. लाकूडफाटा तोडून चूल पेटवायची ही जागा नाही. पुड्यांचं प्लास्टिक परत पाठपिशवीत.

गडवेडे लेखक गोनीदा (गो. नी. दांडेकर) किंवा त्यांच्या पिढीतल्या भटक्यांनी कधी कॅलरी मोजल्या नसतील, पण वजन सगळ्यांना मोजावं लागतं. दिवसभर चढणाऱ्या माणसाला अडीच-तीन हजार कॅलरी लागतात. कोरड्या अन्नात त्या साडेपाचशे ते सातशे ग्रॅममध्ये बसतात. शिजवलेलं अन्न नेलं तर दोन किलोंच्या वर. उरलेलं वजन पाण्याचं असतं आणि ते गडावर टाक्यात असतंच. उन्हाळ्यात टाकी आटतात, तेव्हा मात्र हे गणित उलटं फिरतं. पाणी खालून वाहून न्यायचं असेल तर खिचडीची पुडी काही हलकी पडत नाही.

आणीबाणीच्या वेळी तर हीच पहिली अडचण असते. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्याबरोबर नगरच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांतही अतिवृष्टीनं हाहाकार केला. पाथर्डीसारख्या कायमच्या दुष्काळी मुलखात घरांत पाणी शिरलं. गोदावरी फुगली की कोपरगावकरांचा जीव टांगणीला लागतो, ते वेगळंच. पूर आला की पाणी चहूकडे असतं, पण पिण्याजोगं नसतं. गॅस भिजतो, वीज जाते. म्हणून घरच्या आणीबाणीच्या डब्यात तीन प्रकारचं अन्न हवं. काहीही न लागता खाता येईल असं सर्वांत जास्त: शेंगदाणा-गुळाचे लाडू, कडक भाकरी, कोरडी चटणी, शंकरपाळे, फुटाणे, खजूर. त्यानंतर गार पाण्यात कालवता येणारं, म्हणजे सातू आणि पातळ पोहे. शेवटी, थोडंच, कढत पाणी लागणारं. माणशी तीन दिवसांचं अन्न आणि त्याहून आधी माणशी दिवसाला किमान तीन लिटर पिण्याचं पाणी. घरात तान्हं मूल, मधुमेही किंवा दात नसलेले आजोबा असतील तर त्यांचं वेगळं काढून ठेवा. कडक भाकरी आजोबांच्या उपयोगाची नाही.

या जिल्ह्यानं सामूहिक आणीबाणीचं तयार अन्नही पाहिलेलं आहे. १९७२च्या दुष्काळात माणसं रोजगाराच्या कामांवर खडी फोडत होती, रस्ते आणि तलावांची माती उपसत होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळत होती आणि कामावर सुकडी वाटली जात होती. धान्य, डाळ आणि गोड यांचं भाजून केलेलं पौष्टिक मिश्रण, न शिजवता तोंडात टाकण्याजोगं. त्या पिढीतल्या माणसांना विचारा, मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं, सुकडीचं मात्र बरं बोलतात. हजारो माणसांना उन्हात, बिनचुलीचं खायला घालायचं तर सरकारलाही शेवटी भाजलेलं पीठ आणि गोडच आठवलं.

राहता राहिला साठवण्याचा भाग. कोरडं अन्न हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा एकेका जेवणाच्या पुड्या बांधून त्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात. पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. कोमट भरला तर आतल्या वाफेचं पाणी होतं आणि एवढी मेहनत त्या दोन थेंबांत जाते. भरल्यानंतर आठवड्यानं एक पुडी उघडून पाहा: मऊ लागली, चिकटली किंवा वास बदलला तर सगळाच घाणा पुन्हा वाळवत बसू नका, फेकून द्या. भाजलेली पिठं तीन महिने, वाळलेली खिचडी सहा महिने, दाण्याचे लाडू तीन आठवडे, एवढी मुदत घरगुती मालाला पुष्कळ झाली. प्रत्येक पुडीवर नाव आणि तारीख घाला. डबा अक्षय तृतीयेच्या सुमारास, ऊन कडक असताना भरा; लाडू, चटणी आणि पिठं मात्र मुदत संपेल तशी मधेमधे बदला. दिवाळीआधी उघडून त्यातलं राहिलेलं एखाद्या रविवारी सगळ्या घरानं मिळून खाऊन पाहा. घरच्यांना जे आवडलं नाही ते पुढच्या वर्षी डब्यात घालू नका. पुरात अडकल्यावर मुलं नवी चव शिकत नाहीत.